ज्येष्ठ गायक-गीतकाराच्या नव्या अल्बमचं परीक्षण लिहिताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका गायक-गीतकाराची पन्नास वर्षांची कारकीर्द, पंचवीस-तीस अल्बम आणि आता आणखी एक नवा. त्याचं परीक्षण लिहायचं तर आधीचं सगळं ऐकावं लागतं का? गाजलेल्या जुन्या अल्बमशी तुलना करावी का? आवाज उतरला आहे हे लिहावं का? आणि अल्बम जमला नसेल, तर एवढ्या मोठ्या कलावंताबद्दल ते कसं सांगावं?

मी बरीच वर्षं अशी परीक्षणं लिहितो आहे, दुसऱ्यांनी लिहिलेली तपासतो आहे. या सगळ्या प्रश्नांचं माझं उत्तर एकाच ठिकाणाहून सुरू होतं: अल्बममध्ये जे ऐकू येतं ते कुणीतरी ठरवून केलेलं आहे, असं धरून ऐकायला बसा. पंचविशीतल्या कलाकाराचं गाणं संथ असलं की आपण म्हणतो, त्याने संथ लय घेतली. पंच्याहत्तरीतल्या माणसाने तीच लय घेतली की लिहितो, वय जाणवतं. पहिल्या वाक्यात एक निर्णय आहे आणि त्यावर पुढे बोलता येतं: ती लय का घेतली, शब्दांना ती मानवते का, ठेक्याने तिला सांभाळलं का. दुसऱ्या वाक्यानंतर बोलायला काही उरत नाही.

ऐकण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी नवा अल्बम ऐका, जुने नंतर. पुष्कळ जण उलट करतात. आठवडाभर जुन्या अल्बमांची उजळणी करतात आणि मग नव्याकडे वळतात. तोवर कानात तिशीतला आवाज पक्का बसलेला असतो आणि नवं पहिलं गाणं सुरू होताच मनात नुसती वजाबाकी चालू होते. प्रसिद्धिपत्रकही सुरुवातीला बाजूला ठेवा. आजारपणातून उठून केलेला अल्बम, जुन्या सोबत्याबरोबर पुन्हा जमलेली जोडी, आजवरचा सर्वांत खासगी अल्बम, अशी एखादी गोष्ट त्यात आयती रचून दिलेली असते. ती एकदा वाचली की प्रत्येक गाण्यात तीच सापडायला लागते.

पहिल्या काही वेळा गाण्याचे शब्दही समोर ठेवू नका. गायक-गीतकार लिहितो ते स्वतःच्या तोंडासाठी. कागदावर सपाट वाटणारी ओळ तो एखाद्या शब्दाआधी थांबून उभी करतो, आणि कागदावर लखलखणारी ओळ चालीत बसवताना कोंबल्यासारखी होते. शब्द आधी वाचले की आपण कविता तपासत बसतो आणि चाल तिच्यामागे नुसती वाजत राहते. भावगीतं ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला शब्द कुणाचे, चाल कुणाची, आवाज कुणाचा असे तीन वेगळे हिशेब मांडायची सवय असते. इथे ते तिन्ही हिशेब एकाच माणसाच्या नावावर आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत. चाल मर्यादित आहे, कारण शब्दांची गर्दी मोठी आहे. शब्द साधे आहेत, कारण आवाजाला ते संथ म्हणायचे आहेत. हा गुंता सोडवून न टाकता वाचकाला दाखवणं, हे या प्रकारच्या परीक्षणाचं खास काम आहे.

मग शब्द वाचा, आणि त्यानंतर श्रेयनामावली नीट वाचा. कोणतं गाणं कुणाबरोबर लिहिलं, कुठे मुद्रित झालं, कोण वाजवतं आहे, निर्माता, म्हणजे मुद्रणाला एकूण आकार देणारा, कोण. शक्य असेल तिथे गाणं कधी लिहिलं हेही शोधा. अमेरिकन गायक-गीतकार ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या २०२० मधल्या 'लेटर टू यू' या अल्बममध्ये तीन गाणी अशी आहेत जी त्याने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, पहिला अल्बम निघण्यापूर्वी लिहिली होती. त्या गाण्यांत शब्दांची जी उधळण आहे ती विशीतल्या पोराची आहे, आणि ती गातो आहे सत्तरीचा माणूस. हे माहीत नसताना कुणी 'उतारवयात त्याची लेखणी पुन्हा मोकाट सुटली' असं लिहिलं, तर तो निष्कर्ष पायाशीच चुकलेला. माहीत असेल तर खरा प्रश्न विचारता येतो: तरुणपणी लिहिलेली ओळ म्हातारा आवाज कशी पेलतो?

आता आवाजाकडे येतो, कारण बहुतेक परीक्षणं इथेच घसरतात.

वयानुसार गळ्यात काय होतं हे परीक्षकाला ठाऊक असावं. स्वरतंतूंची लवचिकता कमी होते, त्यांतले स्नायू बारीक होतात, त्यामुळे दोन्ही तंतू पूर्ण मिटत नाहीत आणि स्वरात हवा मिसळते. स्वरयंत्राच्या कूर्चा हळूहळू हाडासारख्या कडक होतात. फुप्फुसांची ताकद घटते, म्हणून लांब ओळ एका दमात येत नाही. स्वरातला कंप मंद आणि रुंद होतो. बायकांचा आवाज रजोनिवृत्तीनंतर बहुधा खाली येतो; पुरुषांचा उतारवयात थोडा वरही सरकू शकतो. सिगारेट, आजारपण, वर्षानुवर्षांचे दौरे हे सगळं त्यावर चढलेलं असतं.

हे झालं शरीराचं. परीक्षकाचा विषय त्याच्या पुढे सुरू होतो: या गळ्याचं कलावंताने काय केलं? दुसऱ्यांची गाणी गाणाऱ्या गायकापेक्षा गायक-गीतकाराकडे इथे एक मोठी सोय असते. तो गाणं आजच्या गळ्याच्या मापाने शिवू शकतो. म्हणून चार गोष्टी कान देऊन ऐका. पट्टी कोणती घेतली आहे? ओळी किती लांब आहेत आणि श्वास कुठे घेतला जातो? ओळीच्या शेवटी स्वर धरला आहे की शब्द सोडून दिला आहे? आणि आवाज जिथे थांबतो तिथे काय येतं: वाद्य, दुसरा आवाज की शांतता?

कॅनडाचा कवी आणि गायक-गीतकार लेनर्ड कोहेन हे याचं सर्वांत चांगलं उदाहरण आहे. पहिला अल्बम १९६७ च्या अखेरीस आला तेव्हा तो तेहेतीस वर्षांचा होता. आवाजाचा पल्ला तेव्हाही लहानच होता, पण चाल तो स्वतः गात असे. १९८८ च्या 'आय अॅम युअर मॅन'पर्यंत आवाज खोल खर्जात उतरला होता, आणि गाण्यांची बांधणीच बदलली होती. कीबोर्डचा सपाट पट्टा, त्यावर जवळपास बोलल्यासारखा पुरुषी आवाज, आणि चालीचा वरचा भाग बायकांच्या आवाजात. २००१ च्या 'टेन न्यू साँग्ज'मध्ये तर शेरन रॉबिन्सन सहलेखिका आहे, निर्माती आहे आणि जवळजवळ प्रत्येक ओळीला तिच्या आवाजाची साथ आहे. २०१६ चा 'यू वाँट इट डार्कर' मुलाने, अॅडम कोहेनने, निर्माण केला; प्रकृतीमुळे गायन घरातच खुर्चीत बसून मुद्रित केलं. शीर्षकगीतात माँट्रियलच्या ज्या सिनेगॉगशी (ज्यूंच्या प्रार्थनामंदिराशी) कोहेन घराण्याचं जुनं नातं होतं, तिथलाच कोरस आहे. स्वरांची उंची कोरस सांभाळतो आणि कोहेन खाली, माइकच्या अगदी जवळ, शब्द ठेवत जातो. या चाळीस-पन्नास वर्षांत 'कोहेनचा आवाज गेला' असं कोणत्याही टप्प्यावर लिहिता आलं असतं, आणि त्यातून एकाही गाण्याबद्दल काही कळलं नसतं.

दुसरं उदाहरण जोनी मिशेलचं. 'बोथ साइड्स नाऊ' हे तिचं गाणं जूडी कॉलिन्सने आधी गायलं, मग मिशेलने स्वतः १९६९ च्या 'क्लाउड्स' अल्बममध्ये गिटारवर गायलं. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. २००० मध्ये त्याच नावाच्या अल्बमच्या शेवटी तिने ते पुन्हा गायलं, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, विन्स मेंडोझाने संयोजन केलेल्या वाद्यवृंदासह. पट्टी बरीच खाली, लय पुष्कळ संथ, आवाज जाड आणि धुरकट. ढग, प्रेम आणि आयुष्य दोन्ही बाजूंनी पाहून झालं, असं म्हणणारं हे गाणं. तरुण आवाजात ते हुशार मुलीचं अनुमान वाटतं. दुसऱ्या वेळी प्रत्येक कडव्यानंतर ती थांबते, वाद्यवृंद भरून येतो, आणि तेच शब्द साक्षीसारखे वाटतात. माझ्या मते दुसरं मुद्रण पहिल्याहून मोठं आहे. पण 'वयामुळे अर्थ आला' एवढं लिहून भागत नाही. अर्थ आला तो त्या थांबण्यांमुळे, आणि त्या थांबण्यांना जागा देणाऱ्या संयोजनामुळे. छप्पन्नाव्या वर्षी तिने तेच गाणं जुन्याच पट्टीत, जुन्याच लयीत गायलं असतं तर ते नुसतं अवघड झालं असतं.

म्हणून आवाज उतरला आहे हे लिहावं का, तर हो, लिहावं. लपवलं तर वाचकाचा तुमच्यावरचा विश्वास पहिल्या गाण्यालाच उडेल. पण ऐकू आलेलं लिहावं. 'आवाज आता थकला आहे' याऐवजी 'कडव्याच्या तिसऱ्या ओळीत तो वरचा स्वर घेत नाही, शब्द अर्ध्या आवाजात सोडतो आणि तो स्वर पियानो घेतो' असं लिहिलंत, तर वाचक स्वतः ऐकून ठरवेल की ते चांगलं वाटतं की वाईट. आणि जिथे खरंच फसलं आहे तिथेही हीच पद्धत ठेवा: 'ध्रुवपद अजूनही तिशीतल्या पट्टीत बांधलं आहे, प्रत्येक वेळी वरचा स्वर बेसूर लागतो आणि चौथ्यांदा ऐकताना आपलं लक्ष शब्दांवरून उडून त्या स्वराची वाट पाहण्यावर जातं.' हे कठोर आहे, पण यात वयाचा उल्लेख नाही आणि दोष नेमका पट्टीच्या निवडीत दाखवला आहे.

चरित्राचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न. ज्येष्ठ कलावंताच्या आयुष्याबद्दल सगळ्यांनाच बरंच माहीत असतं आणि ते माहीत असणं कानाला फसवतं.

अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनचा 'टाइम आउट ऑफ माइंड' सप्टेंबर १९९७ मध्ये आला. त्याच वर्षी मे महिन्यात हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज आल्यामुळे तो रुग्णालयात होता आणि ती बातमी जगभर गेली होती. अल्बम काळोखा आहे. थकलेला, चालत राहणारा, मागे वळून पाहणारा माणूस त्यात जागोजागी आहे. साहजिकच पुष्कळांनी तो मृत्यूच्या दारातून परतलेल्या माणसाचा अल्बम म्हणून ऐकला. पण गाणी मुद्रित झाली होती जानेवारीत, आजारपणाच्या आधी. तो काळोख डॅनियल लॅन्वाच्या निर्मितीत आहे, दूरवरून आल्यासारख्या गिटारींत आहे, ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीताच्या जुन्या साच्यांत आहे. २०२३ मध्ये त्याच मुद्रणांचं नवं, पुष्कळ स्वच्छ केलेलं मिक्स (आवाज आणि वाद्यं यांच्या पातळ्यांची जुळणी) बाहेर आलं. दोन्ही शेजारी ठेवून ऐका, म्हणजे मूळ अल्बमच्या वातावरणात मिक्सिंगचा वाटा किती होता ते कळेल.

ब्रिटिश गायक-गीतकार डेव्हिड बोवीच्या बाबतीत उलट झालं. 'ब्लॅकस्टार' ८ जानेवारी २०१६ रोजी, त्याच्या एकोणसत्तराव्या वाढदिवशी आला, आणि दोन दिवसांनी तो गेला. आजार त्याने लपवून ठेवला होता. त्यामुळे आधी लिहिलेल्या परीक्षणांत न्यूयॉर्कचे जॅझ वादक, डॉनी मॅककॅस्लिनचा सॅक्सोफोन, मोडतोड केलेले ताल यांच्याबद्दल लिहिलं गेलं. नंतरच्या लिखाणात बहुतेक निरोप आला. चरित्र इथे खरोखर गाण्यांत होतं. तरीही आधीच्या परीक्षणांतली जी कान उघडे ठेवून लिहिलेली होती ती आजही वाचनीय आहेत, कारण मॅककॅस्लिनचा सॅक्सोफोन त्या अल्बममध्ये काय करतो हे बोवीच्या मृत्यूने बदललं नाही.

नील यंगचा १९८२ मधला 'ट्रान्स' या बाबतीत मला फार शिकवून गेला. गिटार घेऊन गाणाऱ्या या माणसाने व्होकोडर नावाच्या यंत्रातून आवाज काढून तो यंत्रमानवासारखा केला. शब्द धड कळेनात. तेव्हा लोक बुचकळ्यात पडले. यंगच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी होती, त्याला बोलता येत नव्हतं, आणि त्याच्याशी संवाद साधण्याची धडपड त्या अल्बममागे होती, हे यंगने पुढे सांगितलं. १९८२ मध्ये कोणत्याही परीक्षकाला हे कळणं शक्य नव्हतं. पण एक प्रश्न नुसतं ऐकूनही विचारता आला असता: शब्दांवर जगणारा माणूस स्वतःचे शब्द यंत्रामागे का ठेवतो? त्या प्रश्नाने परीक्षक योग्य दाराशी तरी पोचला असता. 'हा नील यंग वाटत नाही' या तक्रारीने कुठेच पोचता येत नाही. गंमत नाही, हीच तक्रार घेऊन त्याची गेफेन ही रेकॉर्ड कंपनी १९८३ मध्ये कोर्टात गेली होती: अल्बम व्यापारी नाहीत आणि त्याच्या आधीच्या कामासारखे नाहीत, म्हणून तेहेतीस लाख डॉलरचा दावा. जो आक्षेप कंपनीच्या वकिलाला शोभतो तो परीक्षकाने घेऊ नये.

चरित्र आत कधी घ्यायचं, याची माझी कसोटी साधी आहे. त्याने गाणं बनवण्याची रीत बदलली का? ल्युसिंडा विल्यम्सला नोव्हेंबर २०२० मध्ये पक्षाघाताचा झटका आला, त्यानंतर गिटार वाजवता येईना. आयुष्यभर गिटार हातात घेऊन गाणी रचणाऱ्या तिने २०२३ च्या 'स्टोरीज फ्रॉम अ रॉक अँड रोल हार्ट'साठी इतरांबरोबर मिळून गाणी लिहिली. इथे आजारपण सांगायलाच हवं, कारण त्याशिवाय चालींचं वळण का बदललं ते कळत नाही. पॉल सायमनचा २०२३ चा 'सेव्हन साम्स' सात भागांचा, पण सलग तेहेतीस मिनिटांचा आहे. तो करत असताना डाव्या कानाने ऐकू येणं बरंचसं गेलं होतं. ही माहिती एका वाक्यात यावी आणि उरलेली जागा त्या सलगपणाला द्यावी, कारण 'पहिलं गाणं चांगलं, तिसरं बरं' अशी गाण्यागणिक झडती तिथे लागूच पडत नाही. घटस्फोट, भांडणं, व्यसनं यांनी गाण्याची घडण बदलली नसेल तर ती परीक्षणात नकोत, कितीही रंजक असली तरी.

तुलनेबद्दल. 'अमुक अल्बमनंतरचा सर्वोत्तम' हे वाक्य ज्येष्ठांच्या परीक्षणांत इतक्या वेळा येतं की ते लिहायचं नाही असं एकदा ठरवूनच टाका. त्यात मधली पंचवीस वर्षं एका फटक्यात पुसली जातात आणि नव्या अल्बमचं काहीच सांगितलं जात नाही. शिखराशी तुलना करण्यापेक्षा शेजाऱ्याशी करा. मी डिलनच्या एका टप्प्याचं उदाहरण देतो. 'टेम्पेस्ट' (२०१२) नंतर आठ वर्षं त्याने स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम काढला नाही. त्या काळात 'शॅडोज इन द नाइट' (२०१५), 'फॉलन एंजल्स' (२०१६) आणि तीस गाण्यांचा 'ट्रिप्लिकेट' (२०१७) आले. सगळी दुसऱ्यांची जुनी अमेरिकन गाणी, बहुतेक फ्रँक सिनात्राने गाऊन ठेवलेली. लोकांनी त्यांना मधली विश्रांती समजलं. मग २०२० मध्ये 'रफ अँड राउडी वेज' आला. 'टेम्पेस्ट'मधला खरवडलेला, गुरगुरणारा आवाज त्यात नाही. शब्दांची टोकं नीट उच्चारलेली, स्वर हलकेच ठेवलेला, वाद्यं इतकी मंद की जवळपास सतरा मिनिटांचं शेवटचं गाणं बोलण्याच्या अंतरावरून ऐकू येतं. ती पाच-सहा वर्षं तो दुसऱ्यांच्या गाण्यांवर स्वतःचा गळा नव्याने घडवत होता, असं मला वाटतं, आणि हे केवळ त्याच्या १९६५ किंवा १९७५ च्या गाजलेल्या अल्बमशी तुलना करणाऱ्याला दिसणार नाही.

त्यामुळे आधीचं सगळं ऐकावं लागतं का, याचं उत्तर: एका परीक्षणासाठी तीसच्या तीस अल्बम नकोत. लगतचे दोन-तीन ऐका. याच निर्मात्याबरोबर किंवा याच वादकांबरोबर केलेलं आधीचं काम ऐका. पहिला अल्बम ऐका, कारण शब्द फेकण्याच्या काही सवयी तिथूनच आलेल्या असतात. आणि नाकारला गेलेला एखादा अल्बम जरूर ऐका. डिलनचा 'सेल्फ पोर्ट्रेट' १९७० मध्ये आला तेव्हा समीक्षक ग्रील मार्कसने 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन नियतकालिकातलं परीक्षण शिवी असलेल्या प्रश्नानेच सुरू केलं होतं. २०१३ मध्ये त्या काळातली मुद्रणं वरचे चढवलेले थर काढून प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या संचासाठी निबंध मार्कसनेच लिहिला. त्यावरून जुनं परीक्षण खोटं ठरत नाही. गायनावर कोरस आणि तंतुवाद्यं चढवून अल्बम जड झाला होता हे खरंच होतं. पण खालचं गायन आणि वरचे थर वेगळे ऐकायला शिकायचं असेल तर हे दोन संच शेजारी ठेवण्यासारखा दुसरा धडा नाही. कोहेनचा 'व्हेरियस पोझिशन्स' अमेरिकेत काढायला कोलंबिया कंपनीने नकार दिला होता, आणि पुढे जगभर गाजलेलं 'हालेलुया' त्याच अल्बममध्ये आहे. कोणत्या गाण्याचं पुढे काय होईल हे प्रकाशनाच्या आठवड्यात कुणालाच कळत नाही. भविष्य वर्तवायच्या भानगडीत पडू नये.

जुनं आणि नवं शेजारी ऐकताना एक तांत्रिक काळजी घ्या. दोन्हींचा आवाज कानाला सारखा होईपर्यंत पातळी जुळवा. मोठ्याने वाजणारं मुद्रण आपल्याला आपोआप चांगलं वाटतं, आणि नव्वदच्या दशकापासूनचं मास्टरिंग (मुद्रणाला दिलेलं शेवटचं रूप) जुन्या रेकॉर्डपेक्षा बरंच मोठं केलेलं असतं. स्ट्रीमिंगवरचा जुना अल्बम बहुधा रीमास्टर, म्हणजे हे रूप नव्याने दिलेला, असतो. कोणत्या वर्षीचा ते पाहून ठेवा. लांबीचंही असंच. लाँग प्लेच्या दोन बाजू मिळून साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. पहिली बाजू कोणत्या गाण्यावर संपते आणि दुसरी कशाने उघडते याचा त्या काळी बारीक विचार होई. सीडीवर चौऱ्याहत्तर मिनिटं मावू लागली आणि याच कलावंतांचे अल्बम फुगले. नवा अल्बम सत्तर मिनिटांचा असेल, तर कोणती तीन गाणी काढली असती ते मनाशी ठरवून पाहा. उत्तर चटकन मिळालं तर तो मुद्दा परीक्षणात यायला हवा.

निर्मितीबद्दल माझं एक ठाम मत आहे. ज्येष्ठ अमेरिकन गायक जॉनी कॅशचा 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज' (१९९४) रिक रुबिन या निर्मात्याने केला: एक माणूस, एक गिटार, बाकी काही नाही. अल्बम थोर आहे. पण त्यानंतर ज्येष्ठाला उघडावाघडा करून माइकसमोर बसवणं हा एक साचा झाला, आणि परीक्षक त्या साच्याला सच्चेपणा म्हणू लागले. घशातली खरखर ऐकू यावी इतका माइक जवळ ठेवणं हेही तंत्रच आहे, ऐंशी वादकांच्या वाद्यवृंदाइतकं. कोहेनचे स्वस्त वाटणारे कीबोर्ड आणि मिशेलचा वाद्यवृंद हे दोन्ही आपापल्या जागी तितकेच खरे आहेत. साधं संयोजन दिसलं की 'प्रामाणिक' हा शब्द आपोआप हाताखाली येतो. तो खोडा आणि त्या साधेपणाने गाण्याला काय दिलं ते लिहा.

शब्दांबाबत मी एवढंच सांगेन की पुनरावृत्तीला घाबरू नका आणि तिच्यावर लगेच तुटूनही पडू नका. पन्नास वर्षं लिहिणाऱ्याच्या प्रतिमा परत येणारच. तीच नदी, तीच आगगाडी, तोच देव. तो जुन्या प्रतिमेशी वाद घालतो आहे की तिच्यावर नुसता विसावला आहे, एवढं पाहा. उतारवयातला खरा धोका मला दुसरीकडे दिसतो: जगाबद्दलची मतं. पात्रं, प्रसंग, संवाद यांनी गाणी बांधणारा माणूस एक दिवस थेट उपदेश करू लागतो, आणि त्याच्याबद्दलच्या आदरापोटी परीक्षक त्याला 'परिपक्वता' म्हणतो. ओळ उपदेशाची असेल तर तसं म्हणा, आणि त्याच कलावंताने तीच गोष्ट पूर्वी कोणत्या प्रसंगातून दाखवली होती तेही सांगा.

अल्बम जमला नसेल तेव्हाची भाषा याच तपशिलातून येते. आदर दाखवायचा तो ऐकण्यात दाखवा. निवाडा सौम्य करून दाखवू नका. 'या वयातही काम करतात हेच कौतुकास्पद' हे वाक्य दिसायला प्रेमळ आहे, पण ज्याने आयुष्यभर आपल्या गाण्यांचा निवाडा मागितला त्याला त्यातून बाहेर काढणारं आहे. चाहत्यांचा राग येईल, येऊ द्या. नेमक्या जागा दाखवल्या असतील तर त्यांतले निम्मे तरी ते गाणं पुन्हा ऐकतील. उलट बाजूनेही सावध राहा. मोठ्या नावाला खाली ओढण्यात एक झिंग असते आणि लिहिताना ती ओळखू येते. दोष मांडणाऱ्या प्रत्येक परिच्छेदात एखाद्या गाण्याचा आणि त्यातल्या जागेचा उल्लेख असायलाच हवा, एवढं बंधन घालून घेतलं की ती उतरते.

गुण किंवा तारे द्यायचे असतील तर मोजपट्टी कोणती ते स्वतःशी पक्कं करा. मी या वर्षी ऐकलेल्या इतर अल्बमांशी तोलतो, कलावंताच्या स्वतःच्या सर्वोत्तम कामाशी नाही; नाहीतर चाळीस वर्षांपूर्वी एक अजोड अल्बम केल्याची शिक्षा त्याला जन्मभर मिळत राहते. आठशे शब्दांच्या परीक्षणात कारकिर्दीचा आढावा शंभर शब्दांपुढे जाऊ देऊ नका. दोन, फार तर तीन गाणी सविस्तर घ्या. त्यांत एक तरी असं घ्या ज्याबद्दल बाकी कुणी बोलत नाही, बहुधा मधलं, सातवं-आठवं. एकल गाणं म्हणून आधी बाहेर आलेल्या गाण्यावर सगळेच लिहितात आणि ते बहुतेक वेळा अल्बमचं प्रातिनिधिक नसतं.

शेवटी, या कलावंताचं काहीही न ऐकलेला वाचकही तुमचं परीक्षण वाचतो आहे, हे ध्यानात ठेवा. त्याला सगळी यादी देऊ नका. नव्या अल्बमसोबत ऐकायला एकच जुना अल्बम सुचवा, आणि तो सर्वांत गाजलेला असण्याची गरज नाही. नव्यातली एखादी निवड ज्यात पहिल्यांदा दिसते तो द्या. कोहेनच्या 'यू वाँट इट डार्कर'बरोबर मी १९६७ चा पहिला सुचवणार नाही, 'टेन न्यू साँग्ज' सुचवेन, आणि त्यात रॉबिन्सनचा आवाज कुठे आत येतो तिकडे लक्ष द्यायला सांगेन.